उद्याचे पान



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'टॅरोचे पत्ते' असे सांगितले आणि ते क्षणभर गप्पच राहिले. कामगार संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस ठेकेदारीवर बोलेल, बोनसवर बोलेल, फार तर गिरणगावच्या आठवणी सांगेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. शेवटी त्यांनी हळूच विचारले, "म्हणजे आपण पत्ते पाहून भविष्य सांगता की काय?" मी म्हटले, "पत्ते पाहून नाही सांगितले. पण भविष्य सांगितले आहे खरे, आणि ते खोटे ठरले आहे. त्याचीच कबुली द्यावयाची आहे." ती कबुली देण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या दारांत. तेव्हा बोलण्यात विद्वत्तेपेक्षा अनुभवच अधिक आला तर आपण सांभाळून घ्यावे.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात ठेक्यावर काम करणाऱ्या मुलींची बैठक आम्ही बोलावली होती. बैठक सुरू व्हावयाची होती. कोपऱ्यात एक मुलगी मोबाईलवर काही पाहत बसली होती. मी वाकून पाहिले. पडद्यावर कोणी बाई रंगीत पत्ते मांडून बोलत होती. एका पत्त्यावर उंच मनोरा होता, त्यावर वीज कोसळली होती आणि वरून दोन माणसे खाली पडत होती. मी हसलो. म्हटले, "अगं, ह्यातून तुला काय कळणार?" ती म्हणाली, "काका, माझे अकरा महिने भरत आलेत. पुढचं पत्र मिळणार का, असं सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणतो ऑफिसला विचार. ऑफिसवाले म्हणतात ठेकेदाराला विचार. ठेकेदार फोन उचलत नाही. ही बाई पाचशे रुपये घेते, पण उत्तर तरी देते."

माझ्याबरोबर इतरही हसले. तिने मोबाईल पिशवीत टाकला आणि बैठक संपेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. जी मुलगी आपली अडचण इतक्या नेमक्या शब्दांत सांगू शकत होती, तिचे तोंड मी हसून बंद केले होते. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण मला आमच्या गल्लीतला पोपटवाला आठवला.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे वडील त्यांतले एक. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होतो. आई खानावळ चालवीत असे. गिरणीतले आठ गडी आमच्याकडे जेवावयास होते. संप लांबू लागला तसे काही गावी निघून गेले, राहिलेल्यांचे पैसे थकले आणि वाण्याची उधारी वाढत गेली. एके संध्याकाळी आई मला घेऊन पुलाकडे गेली. तिथे पोपटवाला बसे. त्याने पिंजऱ्याचे दार उघडले, पोपट डुलत बाहेर आला आणि पाकिटांच्या रांगेतून एक पाकीट त्याने चोचीने ओढून काढले. आतल्या चित्रात द्रोणागिरी उचलून नेणारा मारुती होता. पोपटवाला म्हणाला, "बाई, संकट मोठं आहे, पण औषध वाटेवर आहे. होळीपर्यंत सुटाल."

होळी गेली, गणपती गेले, दिवाळी गेली. संप मागे घेतल्याचे असे कोणी कधी जाहीर केलेच नाही; तो वाळूत पाणी जिरावे तसा जिरून गेला. वडिलांसाठी गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही. मोठा झाल्यावर मी जोतीराव फुल्यांचा 1883 सालचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचला, भोळ्याभाबड्या कष्टकऱ्याला धर्माच्या आणि ग्रहांच्या नावाने कसे लुबाडले जाते ते वाचले आणि माझ्यापुरता निकाल लावून टाकला: पोपटवाला लबाड आणि आई भोळी. त्या मुलीला हसलो तो हाच निकाल मनात धरून. पण ती मुलगी भोळी नव्हती. मग आईचे काय? म्हणून ठरवले की हे पत्ते आहेत तरी काय, ते मुळापासून पाहावे.

पाहू लागलो तेव्हा पहिली गंमत कळली ती ही की, टॅरो हा मुळात चक्क एक खेळ आहे. मेंढीकोट खेळणाऱ्या माणसाला तो समजावयास अवघड नाही. पूर्ण संच 78 पानांचा. त्यांतली 56 पाने आपल्या ओळखीची: चार प्रकार, प्रत्येकात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि वर राजा, राणी, स्वार व हुजऱ्या अशी चार चित्रे. आपल्याकडे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. तिकडे तलवार, पेला, नाणे आणि दंडा. खेळण्याचे पत्ते युरोपात गेले ते चौदाव्या शतकात, मुसलमानी मुलखांतून. त्यांत इटलीतल्या लोकांनी 1440 च्या सुमारास आणखी 22 पानांची भर घातली. त्यांतले एक मूर्ख आणि उरलेली एकवीस म्हणजे कायमचे हुकूम. सम्राट, दैवाचे चक्र, मृत्यू, मनोरा, तारा, चंद्र, सूर्य अशी त्यांची नावे. मिलानच्या सरदार घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवलेली त्या शतकातली पाने आजही न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आणि इटलीतल्या बेर्गामो गावी जपून ठेवलेली आहेत. आपल्या सावंतवाडीला गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफात दहा अवतारांची 120 गोल पाने असतात, पण तीही खेळावयाची. देव रंगवले म्हणून ती भविष्य सांगत नाहीत. तसेच हे. फ्रान्समध्ये आणि ऑस्ट्रियात लोक आजही टॅरो खेळतात, आणि डाव हरला तर भागीदाराशी भांडतात.

मग भविष्य आले कुठून? 1781 साली पॅरिसच्या कूर द झेबलँ नावाच्या पंडिताने लिहिले की, ही पाने म्हणजे प्राचीन ईजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान होय. त्या वेळी ईजिप्तची चित्रलिपी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्योंने ती उलगडली ती 1822 साली. जे वाचता येत नाही त्याच्या नावावर काहीही खपवता येते. त्याच काळात आलिएत नावाच्या गृहस्थाने आपले आडनाव उलटे करून 'एतेइया' असे धारण केले आणि पत्ते पाहण्याचा धंदा थाटला. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 साली मोठा ग्रंथ लिहून हा सारा इतिहास लख्ख केला. हे डमेट वंशभेदाविरुद्धच्या चळवळीतही हिरिरीने उतरणारे होते. तेव्हा चळवळीतल्या माणसाने पत्त्यांत लक्ष घातले तर ते अगदीच जगावेगळे नाही, एवढा दिलासा मला त्यांच्यामुळे मिळाला.

दुसरी गोष्ट कळली, आणि मला हा विषय आपल्या खात्यातला वाटू लागला. आज जगभर जी टॅरोची चित्रे दिसतात, त्या मुलीच्या मोबाईलवर होती तीही, ती बहुतांशी एका संचावरून आलेली आहेत. तो लंडनमध्ये 1909 साली निघाला. रायडर हे प्रकाशकाचे नाव आणि वेट हे योजना करणाऱ्या लेखकाचे; म्हणून तो 'रायडर-वेट' संच. चित्रे काढली ती पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी. त्याआधीच्या बहुतेक संचांत छक्की म्हटली की नुसती सहा नाणी काढलेली असत. ह्या बाईंनी बहुतेक पानांवर माणसे आणून प्रसंग उभा केला, आणि सगळे काम काही महिन्यांत हातावेगळे केले. काम मोठे आणि मोबदला अगदी थोडा, असे त्यांनी त्याच वर्षी एका स्नेह्याला पत्रात कळवले. संचाच्या नावात त्यांचे नाव आले नाही. पानाच्या कोपऱ्यात त्यांनी वेलबुट्टीसारखी आपली सही तेवढी काढून ठेवली. 1951 साली त्या वारल्या तेव्हा डोक्यावर कर्ज होते आणि घरातल्या चीजवस्तू विकून ते फेडावे लागले. अलीकडे काही लोक त्यांचे नाव संचाला जोडू लागले आहेत. काम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही गोष्ट कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

मी तो संच विकत आणला. घरी कुटुंबाने विचारले, "आता हे काय नवीन?" म्हटले, "चित्रे पाहतो आहे." आणि चित्रे खरोखर पाहण्यासारखी आहेत. नाण्यांच्या छक्कीत एक सावकारी थाटाचा गृहस्थ उभा आहे. एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने तो नाणी टाकतो आहे आणि समोर दोन माणसे गुडघे टेकून हात पसरून बसली आहेत. पत्ते पाहणारे ह्याचा अर्थ सांगतात दानधर्म. मी ते पान पाहिले आणि मला पगारवाटाघाटीची खोली दिसली: देणारा तोच, आणि तराजूही त्याच्याच हातात! नाण्यांच्या पंजीत बर्फ पडतो आहे, रंगीत काचांची उजेडाने भरलेली खिडकी वर आहे आणि खालून दोन दरिद्री माणसे, एक कुबड्यांवर, एक अनवाणी, चालली आहेत. दंड्यांच्या दश्शीत एक माणूस दहा दांडक्यांची मोळी कवटाळून वाकून चालला आहे. गाव समोर आहे, पण मोळीमुळे त्याला ते दिसत नाही. अठ्ठीत एक कारागीर बाकावर बसून एकेक नाणे मन लावून कोरतो आहे. ह्या पानांना उद्याचे काही ठाऊक नाही. पण आजचे पुष्कळ ठाऊक आहे.

आता कबुलीकडे येतो.

2006 साली एका कारखान्यात आम्ही संप केला. आदल्या रात्री गेटसभा संपल्यावर एक जुना फिटर मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, खरं सांगा, किती दिवस?" मला ठाऊक नव्हते. कोणालाच ठाऊक नसते. पण समोर दीडशे माणसे उद्याच्या चिंतेत उभी होती आणि मला वाटले, पुढाऱ्याने कच खाऊन कसे चालेल? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, "पंधरा दिवस. मालक खाली येतो का नाही बघा. लिहून घ्या." त्याने खरेच मनात लिहून घेतले. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून त्याने घराच्या पत्र्यांसाठी बोलून ठेवलेले सावकारी कर्ज उचलले. संप चौऱ्याहत्तर दिवस चालला. मागण्या अर्ध्यामुर्ध्या मान्य झाल्या. अकरा जणांना परत घेतले नाही. त्यांत तो होता.

वर्षभराने तो भेटला. मी काय बोलावे ते मला सुचेना. तोच म्हणाला, "भाऊ, तुम्ही त्या रात्री 'माहीत नाही' म्हणाला असता, तरी मी संपावर आलोच असतो. फक्त कर्ज काढलं नसतं."

बंधुभगिनींनो, त्या पोपटवाल्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? त्याने होळीपर्यंतचा वायदा दिला, मी पंधरा दिवसांचा. त्याने आठ आणे घेतले. माझ्या शब्दापायी त्या माणसाचे घर गहाण पडले. पत्ते पाहणाऱ्यांवर मी टीका करतो आणि पुढेही करीन. भीती दाखवून माणसाला पुन्हापुन्हा खिशात हात घालावयास लावणे हा अन्यायच आहे. पण ठाऊक नसताना ठाऊक आहे असे सांगण्याचा अपराध फक्त पत्तेवालेच करतात असे नाही. पुढारी करतात, वैद्य करतात, मुलांना धीर द्यावा म्हणून आईबापही करतात. समोरचा घाबरलेला असतो आणि आपल्याला त्याचे घाबरणे पाहवत नाही, म्हणून आपण त्याच्या हातावर खोटे नाणे ठेवतो. ते वटत नाही हे त्याला पुढे कळते, आणि तेव्हा आपण तिथे नसतो.

मग त्या मुलीला मी काय उत्तर द्यावयास हवे होते? फार विचार केला आणि पुढच्या बैठकीला तो संच घेऊन गेलो. प्रथम सर्वांसमक्ष तिची माफी मागितली. मग टेबलावर पाने मांडली. मात्र एक फरक केला. पत्तेवाले पाने उपडी ठेवतात आणि येईल ते पान आपले म्हणावयाचे असते. मी सगळी पाने उताणी मांडली आणि म्हटले, "ज्या चित्रात तुम्हाला आपली आजची गत दिसते ते डोळे उघडे ठेवून उचला, आणि का उचलले ते सांगा. भविष्य मला येत नाही, तुम्हालाही येत नाही. ते बाजूला ठेवू."

पहिल्यांदा हशा पिकला. मग एकेक जण पुढे आली. दोन वर्षांत सभेत कधी तोंड न उघडलेल्या एका बाईंनी दंड्यांची दश्शी उचलली आणि म्हणाल्या, "दुसरी पाळी सुटली की बस नसते. हायवेनं अंधारात चालत जाते. हे ओझं त्याचं आहे." एकीने कारागिराची अठ्ठी उचलली. म्हणाली, "काम मला आवडतं हो. पण आठ वर्षं झाली, अजून कागदावर मी नवीच आहे." आणि त्या मुलीने उचलला तो मनोराच. म्हणाली, "वीज पडणार असेल तर पडू दे. पण केव्हा पडणार ते आधी कळलं, तर माणूस खाली तरी उतरेल."

आमच्या मागणीपत्रात पहिली मागणी पगारवाढीची होती. त्या दिवशी ते पत्र आम्ही नव्याने लिहिले. दुसऱ्या पाळीला बस, आणि ठेका पुढे चालू राहणार की नाही हे महिनाभर आधी लेखी कळवणे, ह्या दोन मागण्या वर आल्या. बस सहा महिन्यांनी सुरू झाली. लेखी सूचनेची मागणी अर्धीच मान्य झाली: महिन्याऐवजी पंधरा दिवस. पण ते पंधरा दिवस कागदावर सही-शिक्क्यानिशी आहेत. जे उत्तर विकत घेण्यासाठी ती मुलगी पाचशे रुपये देत होती, ते आता तिच्या हक्काचे झाले.

माणूस भविष्य विचारतो तेव्हा बहुधा तो ग्रहांविषयी विचारत नसतो. त्याचा उद्याचा दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात असतो, आणि तो खिसा कोणाचा हेही त्याला कोणी सांगत नाही. ते कळेनासे झाले की तो पोपटाकडे जातो, पत्त्यांकडे जातो, आमच्यासारख्या पुढाऱ्यांकडेही येतो. त्याला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे सोपे आहे. त्याच्या प्रश्नातला किती भाग खरोखर अज्ञात आहे आणि किती भाग कोणी तरी मुद्दाम झाकून ठेवला आहे, हे त्याच्याबरोबर बसून निवडणे कष्टाचे आहे. मृत्यू कधी येईल हे अज्ञात आहे. ठेक्याचे पत्र येईल की नाही हे अज्ञात नाही. ते एका कचेरीच्या कपाटात आहे.

फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी केली. त्या काळी गिरणीतल्या माणसाला सुट्टी कधी मिळेल हे जोशीबुवालाच विचारावे लागत असेल. सह्या गोळा झाल्या, अर्ज गेले, पुन्हा सभा झाल्या, आणि 1890 साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रविवार तांबड्या शाईने छापलेला असतो. ती शाई कोणाच्या पत्रिकेतून आली नाही.

शेवटी आईविषयी. ती आज नाही. जाण्यापूर्वी काही वर्षे मी तिला विचारले होते, "आई, त्या संपात आपल्याकडे दाण्याची भ्रांत असताना तू पोपटवाल्याला आठ आणे का दिलेस? तुला खरंच वाटलं होतं का, की त्या पाखराला काही कळतं म्हणून?" आई हसली. म्हणाली, "अरे, पोपटाला काय कळतंय! पण वाणी विचारत होता पैसे कधी देणार, मालक विचारत होता भाडं कधी देणार, गडी विचारत होते जेवायला काय आहे. सकाळपासून मी उभीच होते. तो एकटाच म्हणाला, बाई, बसा."

आता कोणीही उद्याची चौकशी करीत माझ्याकडे आला की मी प्रथम त्याला बसावयास सांगतो. मग जे ठाऊक आहे ते सांगतो, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगतो. हे मला फार उशिरा जमू लागले. त्या फिटरच्या घरावर पत्रे चढले ते पुढे चार वर्षांनी, आणि त्यांत माझा हातभार अगदीच थोडा होता, हेही ह्याच कबुलीत नोंदवून ठेवतो.